हात लावा म्हणणारं संग्रहालय

आज आम्ही तुम्हाला मुंबईच्या सहलीची गोष्ट सांगणार आहोत, पण ती सुरू होते आमच्या गटाच्या मिरची कांडप यंत्रापासून.

आमच्या गटात अकरा जणी. बँकेचं कर्ज काढून आम्ही कांडप यंत्र घेतलं. चैत्र-वैशाख हा आमचा खरा हंगाम. वर्षाचं तिखट-मसाला सगळ्यांना तेव्हाच करायचा असतो. मागच्या हंगामात ऐन गर्दीत यंत्र थांबलं. मोटर फिरत होती, कांडप फिरत नव्हतं. मिस्त्री तालुक्याच्या गावी, आणि त्याच्या घरात लग्न. घरच्या पुरुषमंडळींनी बजावून सांगितलं, यंत्राला हात लावू नका, शॉक बसेल, होतं तेही बिघडवून ठेवाल. आम्ही नाही लावला. चार दिवस मिरच्यांची पोती ओट्यावर पडून राहिली आणि निम्म्या बाया शेजारच्या गावातल्या कांडपाकडे वळल्या.

पाचव्या दिवशी मिस्त्री आला. त्याने दोन नट सैल केले, मोटर बोटभर मागे सरकवली, नट पुन्हा आवळले. पट्टा सैल पडला होता, एवढंच. पाव तास लागला. पैसे घेऊन तो गेला आणि आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्या महिन्याचा कर्जाचा हप्ता आम्ही बचतीतून भरला, हे सांगायला आजही बरं वाटत नाही.

म्हणून दिवाळीनंतर मुंबईची सहल ठरली तेव्हा महालक्ष्मी, राणीचा बाग आणि चौपाटीच्या यादीत आम्ही वरळीचं नेहरू विज्ञान केंद्रही घातलं. एकीच्या मुलीने शाळेच्या सहलीत ते पाहिलं होतं. ती म्हणाली, "तिथे सगळ्याला हात लावायचा असतो." आधी आम्हाला ते खरंच वाटेना.

केंद्राच्या बाहेरच्या बागेत खेळण्यांसारखी साधनं मांडलेली आहेत. कप्प्या आहेत, तरफा आहेत. जुनं वाफेचं इंजिन आहे, मुंबईची ट्राम आहे. आमच्या गटातल्या सर्वांत वडील आजी, वय सत्तरीच्या पुढे, दोन्ही हात पाठीमागे बांधून सगळ्यांत मागे चालत होत्या. देवळाच्या गाभाऱ्याबाहेर किंवा दुसऱ्याच्या घरी काचेच्या कपाटापुढे आपण उभ्या राहतो ना, तशा. तिथल्या कामावरच्या एका मुलीने ते पाहिलं. म्हणाली, "आजी, खुर्चीत बसा आणि दोरी ओढा." आजी बसल्या. दोरी ओढली. आणि स्वतःच्या हातांनी स्वतःला खुर्चीसकट वर उचललं! आम्ही टाळ्या वाजवल्या. आजींनी पुन्हा ओढली. मग मात्र त्या उतरायलाच तयार होईनात.

यात जादू नाही. कप्पीवरून घेतलेल्या दोरीने आपलं वजन दोन भागांत वाटलं जातं, म्हणून निम्म्या जोरात काम होतं. मात्र दोरी दुप्पट ओढावी लागते. फुकट काहीच मिळत नाही, जोर वाचला की अंतर वाढतं. विहिरीवर रहाट ओढून ज्यांचे खांदे दुखले आहेत त्यांना हे सांगावं लागत नाही. पण आपण जे अंगाने जाणतो त्याला असा नियम आहे आणि तो हाताने तपासून पाहता येतो, हे त्या खुर्चीत बसल्यावर कळलं.

परत येताना गाडीत आमच्यात वाद झाला. असं हात लावू देणारं संग्रहालय पहिल्यांदा कुणाच्या डोक्यात आलं? आमच्यापैकी बी. ए. झालेल्या एकीवर ते शोधायचं काम पडलं. जे हाती लागलं ते तुम्हाला सांगतो.

संग्रहालय म्हणजे आधी काचेआडच्या वस्तू. राणीच्या बागेतलं संग्रहालय तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी पाहिलं असेल. आता त्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणतात. ते २ मे १८७२ रोजी लोकांसाठी खुलं झालं. त्याचा उगम इंग्रजांच्या काळातल्या मोठमोठ्या प्रदर्शनांत आहे. लंडनला १८५१ साली आणि पॅरिसला १८५५ साली जगभरचा माल मांडला गेला. या मुलखात काय पिकतं, काय विणलं जातं, काय घडवलं जातं, त्याचे नमुने इथून तिकडे गेले आणि तसेच नमुने इथेही जमवले गेले. हेतू व्यापाराचा होता. कोणत्या मुलखातून काय उचलता येईल ते साहेबाला कळावं. तिथे वेगवेगळ्या धंद्यांतल्या माणसांच्या मातीच्या छोट्या मूर्ती आहेत, फार सुंदर. आम्ही बराच वेळ त्यांच्यापुढे उभ्या होतो. पण एक विचार मनातून जाईना. ज्यांनी ती कामं केली ती माणसं मूर्ती होऊन काचेत बसली आणि बघणारे बाहेर उभे राहिले.

ही काच काढायचं काम जर्मनीत झालं. म्युनिक नावाच्या शहरात ऑस्कर फॉन मिलर नावाचे एक इंजिनिअर होते, जन्म १८५५ चा. वीज हा त्यांचा ध्यास. १८९१ साली फ्रांकफुर्टच्या प्रदर्शनात त्यांनी एक गोष्ट करून दाखवली. १७५ किलोमीटर दूरच्या नदीवर तयार केलेली वीज तारांवरून आणली, तिच्यावर हजारभर दिवे लावले आणि पंप चालवून एक धबधबा पाडला! दूरच्या पाण्याने इथे पाणी पाडलं. वीज अशी लांब नेता येते यावर तोवर शहाण्या माणसांचाही विश्वास नव्हता. आम्ही कोयनेच्या खोऱ्यातल्या. आमच्या पाण्यावरची वीज डोंगरापलीकडून मुंबईपर्यंत जाते हे आम्ही लहानपणापासून ऐकतो. (आमच्याकडे दिवे जातात तेव्हा तर जास्तच ऐकतो.) त्या वाटेची सुरुवात या प्रदर्शनात आहे.

मिलर यांनी पाहिलं की नुसतं भाषण देऊन लोकांचा विश्वास बसत नाही, चालतं यंत्र दाखवलं की बसतो. म्हणून १९०३ साली त्यांनी म्युनिकमध्ये विज्ञान आणि यंत्रांच्या संग्रहालयाची स्थापना केली. नाव डॉइचेस म्युझियम. आधी जुन्या इमारतीत प्रदर्शन मांडलं, मग शहरातल्या नदीच्या बेटावर मोठी इमारत बांधायला घेतली. मध्ये पहिलं महायुद्ध आलं, महागाई आली. अखेर ७ मे १९२५ रोजी इमारत उघडली, तेव्हा मिलर यांचा सत्तरावा वाढदिवस होता. तिथे यंत्रं कापून आतली बाजू दिसेल अशी ठेवली होती. दांडा फिरवायचा, बटण दाबायचं, की यंत्र तुमच्यासमोर चालू. तळघरात तर खाणच उभी केली, कोळसा काढणारा माणूस कसा वाकून काम करतो ते आत जाऊन बघायचं. राजाचे दागिने नाहीत, कामगाराची जागा. हे आम्हाला फार मोठं वाटलं.

पुढची गोष्ट एका मुलाच्या हट्टाची आहे. अमेरिकेत शिकागोला ज्युलियस रोझेनवाल्ड नावाचे मोठे व्यापारी होते. त्यांची कंपनी टपालाने घरपोच माल पाठवायची. १९११ साली ते कुटुंबासह म्युनिकला गेले. त्यांचा आठ वर्षांचा मुलगा संग्रहालयात शिरला आणि बटणं दाबण्यात, दांडे फिरवण्यात असा रमला की बाहेर निघेना. बापाने ते लक्षात ठेवलं आणि पुढे स्वतःचे पैसे घालून शिकागोत विज्ञान आणि उद्योगाचं संग्रहालय उभं करायला घेतलं. ते १९३३ साली उघडलं. त्याआधी १९३१ साली लंडनच्या विज्ञान संग्रहालयाने मुलांसाठी वेगळं दालन काढलं होतं. तिथे एक दार होतं, जवळ गेलं की आपोआप उघडायचं. आता मॉलमध्ये अशा दारातून आपण लक्ष न देता जातो. त्या काळी मुलं त्यातून पुन्हा पुन्हा जायची. आम्हीही पहिल्यांदा मॉलच्या दाराशी दोनदा आत-बाहेर केलं होतं, ते कबूल करतो.

आपल्या देशात हे आणलं ते डॉ. बिधनचंद्र रॉय यांनी. ते पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री, आणि मूळचे डॉक्टर. म्युनिकचं संग्रहालय पाहून त्यांना वाटलं की असं काही कलकत्त्यात हवं. घनश्यामदास बिर्ला यांनी १९५६ साली आपलं राहतं मोठं घर त्यासाठी देऊन टाकलं आणि २ मे १९५९ रोजी तिथे बिर्ला औद्योगिक आणि तांत्रिक संग्रहालय सुरू झालं. राणीच्या बागेतल्या संग्रहालयाची तारीखही २ मे, हे लक्षात आलं का? मध्ये ८७ वर्षं गेली. स्वातंत्र्य मिळून बारा वर्षंही झाली नव्हती, पोलादाचे कारखाने आणि धरणं उभी राहत होती. ती चालवायला यंत्राला न घाबरणारी माणसं हवी होती. हे संग्रहालय त्यासाठी होतं, नुसत्या करमणुकीसाठी नव्हतं.

आम्हाला सर्वांत आवडलेला प्रसंग १९६५ सालचा. कलकत्त्याच्या लोकांच्या लक्षात आलं की खेड्यातली माणसं काही शहरात यायची नाहीत. मग त्यांनी संग्रहालयच गाडीत घातलं. बसमध्ये प्रयोगांची साधनं बसवून ती शाळांकडे आणि खेड्यांकडे नेली. पहिल्या फिरत्या प्रदर्शनाचा विषय काय होता? आपल्या ओळखीची वीज. दिवा कसा लागतो, तार कशी वाहते. ज्या गोष्टीची आम्हाला भीती घातली जाते, नेमकी तीच त्यांनी आधी निवडली. अशा बस आजही देशभर फिरतात. त्याच वर्षी बंगळुरूला विश्वेश्वरय्या यांच्या नावाचं संग्रहालय झालं. आणि १९७८ साली या सगळ्या केंद्रांची एक राष्ट्रीय परिषद झाली.

परदेशातली आणखी एक गोष्ट सांगतो, कारण तिच्यात खेडं आहे. अमेरिकेत फ्रँक ओपेनहायमर नावाचे शास्त्रज्ञ होते. अणुबाँबच्या कामामुळे ज्यांचं नाव जगाला माहीत आहे त्यांचे हे धाकटे भाऊ. त्यांच्या जुन्या राजकीय मतांवरून १९४९ साली त्यांची विद्यापीठातली नोकरी गेली. दुसरीकडेही कुणी घेईना. मग हा माणूस कोलोरॅडोच्या डोंगराळ भागात गेला आणि दहाएक वर्षं गुरं पाळली. पुढे तिथल्याच गावच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागला. मुलांना घेऊन भंगारात जायचं, जुने सुटे भाग आणायचे आणि त्यांतून प्रयोग उभे करायचे. त्या अनुभवातून त्यांनी १९६९ साली सान फ्रान्सिस्कोला 'एक्स्प्लोरेटोरियम' काढलं. तिथे साधनं बनवण्याचा कारखाना लपवलेला नव्हता. येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल असा ठेवला होता, म्हणजे वस्तू बिघडते, दुरुस्त होते, हेही लोकांनी बघावं. आणि प्रत्येक साधन कसं बनवायचं ते सांगणारी पुस्तकं त्यांनी छापली, इतरांनी खुशाल नक्कल करावी म्हणून. त्या पुस्तकांना नाव काय दिलं? पाककृतीचं पुस्तक! आपल्या लोणच्याचं प्रमाण शेजारणीला न सांगणाऱ्या बाया आमच्याही गटात आहेत, त्यांना आम्ही ही गोष्ट मुद्दाम ऐकवली. संग्रहालयात कुणी नापास होत नाही, असं ते म्हणायचे. ज्यांची शाळा सातवीत सुटली त्यांच्यासाठी हे वाक्य लहान नाही.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. वरळीची बाग १९७९ साली खुली झाली. ते आंतरराष्ट्रीय बालवर्ष होतं. मुख्य इमारत ११ नोव्हेंबर १९८५ रोजी, तेव्हाचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते. इमारतीचा आराखडा अच्युत कानविंदे यांचा. ते मालवण तालुक्यातल्या आचऱ्याचे, जन्म १९१६. पुढे नागपूरला १९९२ साली रामन विज्ञान केंद्र झालं आणि गोव्याला पणजीत मिरामारला. ज्यांना मुंबई लांब पडते त्यांनी ही दोन ध्यानात ठेवावीत.

केंद्रातून निघालो तेव्हा आजी एकदम म्हणाल्या, "माझी सासू इथनं जवळच कामाला होती." वरळी, लोअर परळ, लालबाग, हा सगळा गिरण्यांचा भाग. आमच्या खोऱ्यातल्या घराघरांतला एक तरी माणूस तिथे होता, १९८२ चा संप होईपर्यंत. पण आम्ही नेहमी ऐकायचो ते आजोबा गिरणीत, काका गिरणीत. सासूबाई गिरणीत हे आम्हाला नवीन होतं.

आजींच्या सासूबाई वाइंडिंग खात्यात होत्या. कांडीवरचं सूत यंत्राने मोठ्या रिळावर भरायचं. धागा तुटला की चालत्या यंत्राजवळ हात घालून गाठ मारायची. जेवढं सूत भराल तेवढा पगार, म्हणून हात थांबवून चालायचं नाही. आम्ही पुढे वाचलं तेव्हा कळलं की त्या एकट्या नव्हत्या. १९२० नंतरच्या काळात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाच कामगारांत एक बाई होती, बहुतेक वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत. बायकांवर देखरेख करणाऱ्या मुकादमही बायकाच असत, त्यांना नायकीण म्हणत. मग हळूहळू हे कमी होत गेलं. बायकांना रात्रपाळी कायद्याने बंद होती. १९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या रजेचा कायदा झाला, देशातला पहिला. कायदा चांगला, पण रजेचे पैसे मालकाने द्यायचे होते, तेव्हा मालकांनी बायका कमी घ्यायला सुरुवात केली. वेगाची नवी यंत्रं आली आणि त्यांच्यावर पुरुष बसवले. संपापर्यंत गिरण्यांत बायका अगदी थोड्या उरल्या होत्या.

म्हणजे बघा. 'बाईने यंत्राला हात लावू नये' ही काही पूर्वापार चालत आलेली रीत नाही. आजींच्या सासूबाईंनी तीस वर्षं यंत्र चालवलं. आणि त्याच सासूबाई म्हातारपणी गावी आल्या तेव्हा मुलाने नवीन रेडिओ आणला आणि म्हणाला, "आई, तू हात लावू नकोस, बिघडेल." आजी हे सांगताना हसत होत्या. आम्हाला हसू येईना. आजी म्हणाल्या, "तिनं कधी उलटून सांगितलं नाही. मी पण नाही सांगितलं. तिला रेडिओ कधी लावावासा वाटला का, ते पण विचारलं नाही." खोपोलीच्या पुढे गाडी चहाला थांबली तरी बराच वेळ कुणी खाली उतरलं नाही.

सहलीहून आल्यावर आम्ही वायरमनला चहाला बोलावलं आणि दोनच गोष्टी शिकवा म्हणालो. मेन स्विच कसा बंद करायचा, आणि वीज खरंच बंद झाली हे टेस्टरने कसं तपासायचं. तारांना आणि मोटरच्या आतल्या भागाला आम्ही हात लावत नाही, ते त्याचं काम. पट्टा, नट, तेल-पाणी मात्र आमचं. एक पान्ह्यांचा संच घेतला आणि तो गटाच्या खर्चात लिहिला. त्यावरून ग्रामसंघाच्या बैठकीत आम्हाला प्रश्न विचारला गेला, बायकांना पान्हे कशाला? आम्ही मागच्या हंगामाच्या चार दिवसांचा हिशेब पुढे ठेवला.

या चैत्रात पट्टा पुन्हा सैल झाला. वहिनींनी मेन स्विच बंद केला, दोनदा तपासला, नट सैल केले. दोघींनी मोटर मागे सरकवली. पहिल्यांदा आम्ही पट्टा इतका ताणला की यंत्र चालू केल्यावर थोड्या वेळात मोटरच्या टोकाला हात लावून बघितला तर चटका बसेल इतकी गरम. आजी ओट्यावर बसून म्हणाल्या, "जरा ढिला सोडा, माझी सासू सांगायची, पट्टा अंगठ्यानं दाबला की थोडा खाली जायला पाहिजे." पुन्हा बंद केलं, थोडं पुढे सरकवलं, अंगठ्याने दाबून पाहिलं. या खटाटोपात सगळा मिळून तासभर गेला, मिस्त्रीच्या चौपट. पण दुपारच्या जेवणाआधी यंत्र चालू झालं आणि संध्याकाळपर्यंत रांगेतल्या सगळ्या मिरच्या कांडून झाल्या.